ओहोळाला खाणपट्ट्याची हद्द कळत नाही

गोव्यात खाणींचा विषय निघाला की चर्चेला दोनच वाटा फुटतात. एक बाजू म्हणते, खाणी लवकर सुरू करा, खाणअवलंबितांच्या चुली थंड पडल्या आहेत. दुसरी म्हणते, खाणी कायमच्या बंद करा, सह्याद्री पोखरला तेवढा पुरे. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हापासून विधानसभेत, वाहिन्यांवर, ग्रामसभांत हाच वाद त्याच शब्दांत चालू आहे. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाचे दोन मोठे निकाल आले, खाणपट्ट्यांचे, म्हणजे खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींचे, लिलाव झाले, डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरूही झालं. वाद मात्र तसूभर पुढे सरकला नाही. इतका महसूल बुडाला, इतके ट्रक गंजले, इतकी झाडं गेली, असे आकडे दोन्हीकडून येतात. खाणीच्या खालच्या अंगाने वाहणाऱ्या ओहोळाबद्दल मात्र कुणी सलग चार वाक्यं बोलत नाही. खाणयुगाचा सगळ्यात खरा दस्तऐवज त्या ओहोळाच्या तळाशी साचून पडला आहे, आणि तो वाचायची तयारी कुणाचीच नाही.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट करतो. खाण सुरू की बंद, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की खाणीतून जे पाण्यात उतरलं त्याची जबाबदारी कुठे संपते? आज व्यवहारात ती खाणपट्ट्याच्या सीमेवर संपते. ती पाणलोटाच्या टोकापर्यंत, गाळ जिथवर पोहोचतो तिथवर, गेली पाहिजे. ज्या पाणलोटात सत्तर वर्षांची थकबाकी पडून आहे तिथे ती फेडायला सुरुवात झाल्याशिवाय नवं उत्खनन होता कामा नये. जिथे उत्खनन कायमचं थांबणार आहे, तिथेही ती थकबाकी माफ होता कामा नये. खाणवाल्यांना ही मागणी आवडणार नाही हे उघड आहे. पण खाण बंद झाली की डोंगर आपला आपण सावरेल असं मानणाऱ्यांनाही ती अडचणीची वाटते, आणि माझा अर्धा वाद त्यांच्याशी आहे.

खांडेपार नदी घ्या. कर्नाटकात कॅसलरॉकच्या बाजूला तिचा उगम. दूधसागरवर ती तीनशे मीटर खाली कोसळते, अभयारण्याच्या रानातून कुळ्याला उतरते, धारबांदोडा तालुक्याच्या डोंगरांमधून वाट काढत खांडेपार गावाशी येते. तिथे जांभ्यात कोरलेल्या कदंबकालीन गुंफा आहेत. त्याच परिसरात ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प आहे. फोंडा आणि तिसवाडीच्या घरांत, म्हणजे राजधानी पणजीतही, नळाला येणारं पाणी इथून जातं. पुढे नदी मांडवीला मिळते. अभयारण्य ते ओपा या टप्प्यात दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून कितीतरी व्हाळ, म्हणजे ओहोळ, तिला येऊन मिळतात. गावात त्या प्रत्येकाला नाव असतं. सरकारी नकाशावर असेलच याची खात्री नाही. याच व्हाळांवर दरवर्षी मातीचे बांध घालून पाटाचं पाणी कुळागरांना, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांना, दिलं गेलं, वायंगणची, म्हणजे पावसाळ्यानंतरची, भातशेती झाली. आणि याच डोंगरांच्या माथ्यावर, कोडलीसारख्या ठिकाणी, खाणी आल्या.

खाण ओहोळाचं नेमकं काय करते हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच पुष्कळ गोंधळ होतो. गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, डोंगराळ तालुक्यांत त्याहून जास्त, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र असल्याने हे पाणी त्यात मुरतं. जांभ्याच्या खाली लोहखनिजाचा भुसभुशीत थर असतो, तोही पाणी धरून ठेवतो. म्हणजे कंपनीला जो थर हवा आहे, तोच गावाचं पाण्याचं कोठार आहे. तो खणून काढला की ओहोळाचा उन्हाळ्यातला आधार जातो. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पंप लावून पाणी उपसावं लागतं. ते पाणी ओहोळात सोडतात, त्यामुळे ओहोळ काही काळ भरलेला दिसतो आणि वरच्या वाड्यांतल्या विहिरी मात्र आटत जातात. लईराई देवीच्या शिरगावातलं विहिरींचं गाऱ्हाणं उच्च न्यायालयापर्यंत गेलं ते यामुळेच. दुसरी गोष्ट मातीची. गोव्यात एक टन खनिज काढायला अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते. पट्टे लहान, साधारण शंभर हेक्टरच्या आतले. मग ही माती टाकायची कुठे? उतारावर, पट्ट्याच्या कडेला, बहुतेक वेळा व्हाळाच्या माथ्यावरच. पावसाळ्यात त्या ढिगाऱ्यातली बारीक माती सुटते. शेतात बसलेला हा गाळ सुकला की दगडासारखा कडक होतो, भाताची मुळं त्यात उतरत नाहीत. जे शेतात अडत नाही ते नदीत जातं, खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतांच्या, मानशींपाशी (पाण्याच्या दारांपाशी) साचतं, खाडीच्या तळावर पसरतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी खाणींचा खाडीतल्या शिंपल्यांवर आणि तळाच्या जीवसृष्टीवर काय परिणाम झाला याचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला आणि घट नोंदवली. म्हणजे हे आज कुणाच्या डोक्यातून निघालेलं कारण नाही. चाळीस वर्षं हे आपल्या समोर आहे.

मग जबाबदारी का ठरली नाही? त्याचं उत्तर पट्ट्यांच्या इतिहासात आहे. गोव्यातले खाणपट्टे मूळचे पोर्तुगीज राजवटीतल्या सवलती. १९०६ च्या वसाहतींच्या खाणकायद्याखाली त्या दिल्या गेल्या, आणि त्यांना मुदत नव्हती. पन्नाशीच्या दशकापर्यंत त्यांचं फारसं कुणाला अप्रूप नव्हतं. युद्धातून सावरणाऱ्या जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवं होतं. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज सरकारला परकीय चलन हवं होतं. दोघांची गरज इथल्या डोंगरांवर येऊन भेटली. सवलती भराभर दिल्या गेल्या, त्यांच्या सीमा कागदावर सरळ रेषांनी आखल्या गेल्या. एकाच व्हाळाच्या माथ्यावर तीन वेगळ्या मालकांचे पट्टे, चौथ्याचा डंप म्हणजे टाकाऊ मातीचा ढिगारा आणि पाचव्याचा ट्रकरस्ता, अशी घडण तेव्हा झाली. १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण ही आखणी तशीच राहिली. १९८७ च्या कायद्याने सवलती रद्द करून त्यांचे भाडेपट्टे केले, तेव्हाही सीमा जुन्याच राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती असं सांगितलं. त्यानंतर नूतनीकरण केलेले ८८ पट्टे २०१८ च्या फेब्रुवारीत रद्द केले. पट्ट्यांचा कायदेशीरपणा, त्यांची मुदत, त्यांचा महसूल, या सगळ्याचा कीस पडला. पट्टा हेच जबाबदारीचं एकक असावं का, हा प्रश्न मात्र वसाहतीच्या काळापासून आजपर्यंत कुणी विचारला नाही.

आजचे नियमही त्याच चौकटीत बसतात. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्यासाठी कंपनीकडून आर्थिक हमी घेतली जाते. ती पट्ट्यातल्या हेक्टरांवर मोजली जाते. म्हणजे शंभर हेक्टरची खाण व्हाळाच्या माथ्यावर असो वा सपाट पठारावर, हमीचा दर एकच. पट्ट्याच्या आत झाडं लावली, उताराला पायऱ्या काढल्या, की हमी मोकळी व्हायला हरकत नाही. तीन किलोमीटर खाली कुणाच्या वायंगणात फूटभर गाळ बसला आहे याचा त्या हिशेबाशी संबंध येत नाही. पर्यावरण परवान्यासाठीचा अहवालही प्रत्येक प्रकल्प आपल्यापुरता लिहितो. त्यात आसपासच्या दहा किलोमीटरचा अभ्यास असतो खरा, पण शेजारच्या चार खाणींची वर्तुळं एकमेकांवर पडलेली असताना प्रत्येक अहवाल आपल्या एकट्याच्या वाट्याचा परिणाम 'मर्यादित' ठरवतो. चार मर्यादित परिणाम एकाच व्हाळात उतरले की त्यांचं काय होतं, हे कुणाच्याच अहवालात सापडत नाही. ओहोळाचं नुकसान बेरजेत होतं आणि आपण जबाबदारी वजाबाकीने ठरवतो.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. खाणी थांबल्या तेव्हा खरी कुऱ्हाड पडली ती खाणमालकांवर नव्हे. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसावर, बार्जवर काम करणाऱ्या खलाशावर, सावर्डे-तिस्कच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यावर आणि खानावळवाल्यावर ती पडली. यातल्या कित्येकांची शेती आधी खाणीनेच गिळली होती, आणि त्या बदल्यात त्यांनी ट्रक घेतला होता. शेत गेलं, मग ट्रकही उभा राहिला. अशा माणसाला 'पर्यावरण वाचलं' हे सांगायला कुणाला तोंड आहे? मला नाही. पणजीत नळाचं पाणी पिणाऱ्याने धारबांदोड्याच्या ट्रकवाल्याला त्यागाचे धडे द्यावेत यात अन्याय आहे, हे मी विनाअट मान्य करतो. पण या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष तेवढ्यावर थांबत नाही. उपजीविका मोजायच्या असतील तर सगळ्या मोजा. ज्याच्या कुळागराचं पाणी तुटलं, ज्याचं वायंगण सुटलं, खाडीत तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले काढून ज्या बायका घर चालवत होत्या, त्यांना अवलंबित म्हणून कोणत्या यादीत घातलं? त्यांचा धंदा एका दिवसात न्यायालयाच्या आदेशाने बंद पडला नाही, वर्षावर्षाने बसत गेला, म्हणून त्यांचा मोर्चा निघाला नाही आणि त्यांना पॅकेज मिळालं नाही. शिवाय ओहोळाची थकबाकी फेडणं हे स्वतःच मोठं काम आहे. डंपांना पायऱ्या काढायच्या, पायथ्याला दगडी बांध घालायचे, व्हाळांतला गाळ उपसायचा, शेतांवरचा थर हटवायचा. याला तेच ट्रक लागतील, तीच यंत्रं लागतील, तेच चालक लागतील, आणि काम काही वर्षं पुरेल. ट्रकवाल्याला फक्त खनिजच पोसू शकतं, असं कुणी ठरवलं?

दुसरा आक्षेप शास्त्राच्या भाषेत येतो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. गोव्याची माती मुळातच तांबडी. पहिल्या पावसात इथली प्रत्येक नदी लाल होते, खाण असो वा नसो. महामार्गांचं रुंदीकरण, डोंगरकापणी, रेतीउपसा, काजूच्या बागांसाठी साफ केलेले उतार, या सगळ्यांचा गाळ एकाच पाण्यात मिसळतो. मग यातला खाणीचा कोणता हे कसं ठरवणार? आणि खाणींतही कोणत्या खाणीचा किती? हे खरं आहे. निव्वळ लाल पाण्याचा फोटो दाखवून खाणीवर खापर फोडणारे स्वतःचीच बाजू लंगडी करतात. पण ठरवता येत नाही हे मात्र खरं नाही. खांडेपारवर तर मोजमापाची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे: वरच्या अंगाला अभयारण्यातून येणारं पाणी आहे, खालच्या अंगाला खाणपट्ट्यातून येणारं, आणि पाऊस दोन्हीकडे जवळपास सारखाच. प्रत्येक व्हाळ नदीला मिळतो तिथे पावसाळाभर गाळ मोजला तर कोणता व्हाळ किती आणतो हे कळेल, आणि पाऊस उघडल्यावर कोणतं पाणी किती वेळात निवळतं हेही कळेल. यात कठीण तंत्रज्ञान काहीच नाही. हे वर्षानुवर्षं, प्रत्येक व्हाळावर, लोकांना दिसेल अशा रीतीने झालेलं नाही, एवढंच.

आणि 'सगळ्यांचा गाळ मिसळला, मग एकट्याला कसं धरणार' हा बचाव काही नवा नाही. तो १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात मांडला गेला होता. तिथे १८५३ पासून सोन्यासाठी डोंगर जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढायची पद्धत सुरू झाली. सिएरा नेवाडाच्या उतारांवरचे अख्खे कडे या फवाऱ्यांनी पाडले, आणि दगडगोट्यांचा, वाळूचा, चिखलाचा लोंढा युबा नदीत उतरला. खाली मेरीझव्हिल गावाजवळ नदीचा तळ इतका वर आला की तो गावातल्या रस्त्यांपेक्षा उंच झाला. बांध घालून गाव कसंबसं तग धरून होतं, तेही १८७५ च्या पुरात बुडालं. खालच्या अंगाचे जमीनमालक न्यायालयात गेले तेव्हा खाण कंपन्यांचं म्हणणं असं होतं, की आम्ही सगळे स्वतंत्रपणे काम करतो, नदीतला गाळ अनेकांचा आहे, आम्हाला एकत्र आरोपी करता येणार नाही. न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी ते मानलं नाही. कृत्यं वेगळी असली तरी नुकसान एकत्र आहे, म्हणून सगळ्यांना एकत्र उभं करता येईल, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि जानेवारी १८८४ मध्ये गाळ नदीत सोडायला मनाई केली. लक्षात घ्या, कॅलिफोर्निया हे राज्यच सोन्याच्या जोरावर उभं राहिलं होतं. तिथल्या खाणवाल्यांचं राजकीय वजन आजच्या कोणत्याही खाण संघटनेपेक्षा कमी नव्हतं. तरीही न्यायालयाने पट्ट्याच्या हद्दीऐवजी नदीची हद्द पाहिली. सव्वाशे वर्षांहून जुना हा विचार आपल्याला अजून अतिरेकी का वाटावा?

पण त्याच कॅलिफोर्नियाची पुढची गोष्ट बंदीवाल्यांनी ऐकायला हवी. मनाईनंतर गाळ थांबला का? डोंगरात आधीच सुटलेला गाळ दर पावसाळ्यात खाली सरकत राहिला. तो अडवण्यासाठी १९४१ साली युबा नदीवर एंगलब्राइट धरण बांधावं लागलं, म्हणजे निकालानंतर सत्तावन्न वर्षांनी. सोनं वेगळं करायला वापरलेला पारा त्या गाळात आजही आहे, आणि तिथले मासे किती खावेत याच्या सूचना आजही द्याव्या लागतात. आपल्याच सह्याद्रीत कुद्रेमुख पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशानुसार २००५ अखेर तिथलं लोहखनिजाचं उत्खनन थांबलं, पर्यावरण चळवळीने तो मोठा विजय मानला, आणि तो होताच. पण लख्या धरणामागे वर्षानुवर्षं साठवलेला खाणीचा गाळ तिथेच आहे, भद्रेच्या उगमाच्या डोंगरात, आणि त्या धरणाची राखण करत बसणं पुढच्या पिढ्यांच्या नशिबी आलं आहे.

जपानचं उदाहरण तर आपल्या अधिक जवळचं, कारण गोव्याचं खनिज ज्या देशात गेलं त्या देशाने हे सगळं आधी भोगलं होतं. आशिओच्या तांब्याच्या खाणीने वातारासे नदीचं खोरं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नासवलं. मासे मेले, पुरांनी विषारी गाळ शेतांत पसरवला. खासदार तानाका शोझो यांनी १८९१ पासून संसदेत हा प्रश्न लावून धरला. कुणी ऐकेना, तेव्हा १९०१ मध्ये खासदारकी सोडून त्यांनी थेट सम्राटाच्या गाडीपुढे निवेदन घेऊन धाव घेतली. सरकारने उपाय काय केला? गाळ आणि पूर अडवायला तळं हवं म्हणून यानाका हे गावच उठवलं. खाण १९७३ ला बंद झाली. त्यानंतर अडतीस वर्षांनी, २०११ च्या मोठ्या भूकंपात, खाणीच्या टाकाऊ गाळाचा एक साठा घसरून पुन्हा नदीपर्यंत आला. बंद खाणीचा डंप नदीकडे जायला विसरत नाही. म्हणून 'खाणी बंद करा' एवढीच मागणी मला अपुरी वाटते. ती मान्य झाली की कंपनी निघून जाते, वर्तमानपत्रं दुसऱ्या विषयाकडे वळतात, आणि व्हाळाच्या माथ्यावर बेवारशी डंप उरतो. बेवारशी डंप कुणाच्या नावावर चढवणार?

डंपांबद्दल सरकारचंही एक उत्तर आहे. २००० नंतर चीनला कमी प्रतीचं खनिजही हवंसं झालं, त्यामुळे पूर्वी टाकाऊ म्हणून फेकलेल्या मातीला भाव आला. राज्याने २०२३ मध्ये डंप उचलून विकण्याचं धोरण आणलं. समर्थक म्हणतात, डंप गेला की गाळाचा उगमच गेला, शिवाय पैसे मिळाले, रोजगार मिळाला, नवा डोंगरही फोडावा लागला नाही. हा मुद्दा दमदार आहे. काही डंपांच्या बाबतीत तेच सर्वोत्तम ठरेल असंही मला वाटतं. अडचण ही की कोणता डंप आधी उचलायचा हे बाजार ठरवणार. ज्यात लोह जास्त, ज्याला रस्ता जवळ, तो आधी जाईल. जो कुळागराच्या डोक्यावर उभा आहे पण ज्यात लोह कमी, तो तसाच राहील. दहा-वीस वर्षांत ज्या डंपांवर झाडोरा धरून माती स्थिरावली आहे ते उकरले तर पहिल्या दोन-तीन पावसांत आजवर आला नाही इतका गाळ ओहोळात उतरेल. तेव्हा डंप उचलण्याला माझा विरोध नाही. पण यादी ओहोळाच्या धोक्याप्रमाणे लागली पाहिजे, खनिजाच्या प्रतीप्रमाणे नव्हे. उचलायचा नसेल तो डंप पायथ्याशी बांधून कुणाच्या तरी नावावर, देखभालीच्या खर्चासकट, लिहिला गेला पाहिजे. पाण्याने भरलेल्या जुन्या खंदकांबद्दलही हेच. ते आता गावाची तळी झाली, असं सांगतात, आणि काही ठिकाणी त्या पाण्याचा उपयोग होतो हे खोटं नाही. पण उत्खनन पुन्हा सुरू करताना पहिलं काम हे पाणी उपसून ओहोळात सोडण्याचं असतं. तळं म्हणून मोजायचं की खाण म्हणून, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा गोव्याचा घरगुती प्रश्न वाटत असेल तर त्यांनी दोडामार्गातलं कळणे आठवावं. जुलै २०२१ मध्ये तिथल्या खाणीचा बांध फुटला आणि खंदकातलं पाणी चिखलासह गावात, बागायतीत घुसलं. कळणे नदी पुढे गोव्याच्या पेडण्यात उतरून शापोरा नदीला मिळते. पट्टा महाराष्ट्रात, परवाना महाराष्ट्राच्या हद्दीतला, आणि पाणी गोव्याचं. अशा वेळी पट्ट्याच्या सीमेवर थांबणारी जबाबदारी कोणाच्या कामाची?

मग करायचं काय? आपल्याकडे याचा नमुना आहे, तो परदेशातून आणायला नको. खाजन शेतीत बांध कुणाच्या शेताजवळ फुटला यावर खर्च ठरत नसे. बांधाआड ज्यांची शेतं, त्या सगळ्यांनी आपापल्या वाट्याने तो खर्च उचलायचा, मानशीची देखभाल करायची, ही गावकरीची, म्हणजे गावाच्या सामूहिक व्यवस्थेची, शतकांची रीत होती. एकक पाण्याचं होतं, वाटा लाभाचा होता. खाणींना हीच रीत लावा. एका पाणलोटात आजवर ज्यांनी खनिज काढलं, त्या सगळ्यांचा एक गट माना, आणि ज्याने जितके टन काढले त्याच्यावर तितका वाटा टाका. टन माहीत नाहीत अशी सबब चालणार नाही. रॉयल्टी टनावर भरली गेली, निर्यात टनावर नोंदली गेली. जुने धारक न्यायालयात जातील हे मला माहीत आहे. जातील तर जाऊ देत; 'प्रदूषण करणाऱ्याने भरायचं' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून मान्य केलेलं आहे, आणि २००७ नंतरचं उत्खनन बेकायदा ठरल्यावर त्या काळापुरता तर वादच फार उरत नाही.

यावर सगळ्यात रास्त हरकत नव्या बोलीदारांची आहे. २०२२ च्या अखेरीपासून झालेल्या लिलावांत ज्यांनी पट्टे घेतले, त्यांनी आधीच्यांची पापं का फेडावी? त्यांनी फेडू नयेत, राज्याने फेडावीत. काही पट्ट्यांसाठी बोलीदारांनी खनिजाच्या किमतीच्या निम्म्याहून मोठा हिस्सा राज्याला देऊ केला आहे. पूर्वी हा पैसा राज्याच्या तिजोरीत येतच नव्हता. त्यातला ठरावीक भाग त्याच पाणलोटाच्या जुन्या थकबाकीसाठी बांधून ठेवता येईल. २०१४ च्या निकालाने खनिज विक्रीच्या दहा टक्क्यांचा कायम निधी उभा करायला लावला तो येणाऱ्या पिढ्यांचा विचार करूनच. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसाही बाधित भागासाठीच आहे. व्हाळाचा गाळ काढणं हे या पैशांचं पहिलं काम नसेल तर दुसरं कोणतं असेल? नव्या पट्टाधारकाकडून मात्र एक गोष्ट सक्तीने हवी: खंदकातलं पाणी उपसायच्या आधी किमान एका पावसाळ्याची मोजणी. ती झाली नाही तर उद्या तोही म्हणणार, हा गाळ माझ्या आधीचा. आणि त्याचं म्हणणं खोडून काढायला गावाकडे काहीच नसेल.

ही मोजणी खात्याच्या फायलीत जाऊन बसता कामा नये. गोवा विद्यापीठ आहे, दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था आहे, गावागावांत जैवविविधता समित्या आहेत. व्हाळांची नावं या समित्यांना विचारून नकाशावर घाला आणि प्रत्येक मुखाशी मोजणीची जागा ठरवा. डिचोलीपासून सांगे-केप्यापर्यंतच्या खाणींच्या टापूत जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला कोणत्या व्हाळाने किती टन गाळ नदीत टाकला, ते पंचायतीच्या फलकावर मराठी-कोंकणीत लागलं पाहिजे, आणि त्याच्या खाली त्या पाणलोटातल्या प्रत्येक आजी-माजी पट्टाधारकाचं नाव आणि त्याच्या वाट्याचे टन.